ठेव, तारण आणि हिरवळ

बँकेच्या नोकरीत तारणाचे नाना प्रकार पाहिले. सोने, घर, विम्याची पॉलिसी, गोदामातली साखर. पण क्लबाचे सभासदत्व तारण ठेवतो, कर्ज द्या, असे म्हणत माझ्या टेबलासमोर कोणी बसल्याचे आठवत नाही. जपानमध्ये १९८०च्या दशकात हे सर्रास चालत होते. तिथल्या गोल्फ क्लबांची पुढे जी दैना झाली, तिचे मूळ या व्यवहारात आहे.

नवे मैदान उभारायला अफाट पैसा लागतो. तो सभासदांकडून ठेव म्हणून घ्यायचा. ठेवीवर व्याज नाही. बहुधा दहा वर्षांनी, मागितली तर परत. बदल्यात खेळण्याचा हक्क. हा हक्क दलालामार्फत दुसऱ्याला विकता येई, आणि खरी मेख तिथेच होती. ‘निक्केई’ या अर्थविषयक दैनिकाने शेअरप्रमाणे सभासदत्वांच्या भावाचाही निर्देशांक काढला. तोक्योतल्या कोगानेई क्लबाचा भाव ४० कोटी येनच्या घरात पोचला. इबाराकीतल्या एका नियोजित क्लबाने तर सुमारे २८०० सभासद घेऊ असे सांगून ५० हजारांवर सभासदत्वे विकली. १९९१ साली ते उघडकीस आले.

तोवर फुगा फुटला होता. १९८९ अखेर शेअरबाजाराने गाठलेले शिखर पुन्हा ओलांडायला २०२४ साल उजाडावे लागले. सभासदत्वाचा भाव ठेवीच्याही खाली गेला, तेव्हा ते विकण्यापेक्षा ठेव परत मागणे शहाणपणाचे ठरले. मुदती भरू लागल्या तसे ठेवीदार दारात उभे राहिले. बँकवाला या दृश्याला सर्वांत जास्त भितो. पैसा मैदानात मुरलेला, काढायचा कुठून? क्लबांमागून क्लब न्यायालयात गेले आणि अनेक ठेवीदारांच्या पदरी ठेवीचा लहानसा अंश तेवढा पडला. गोल्डमन सॅक्स, लोन स्टार अशा अमेरिकी कंपन्यांनी बुडालेली मैदाने स्वस्तात उचलली.

आता प्रश्न पैशापेक्षा माणसांचा आहे. १९४७ ते १९४९ मध्ये जन्मलेली भलीमोठी पिढी हा या खेळाचा कणा. तिने पंचाहत्तरी ओलांडली आणि तिची जागा भरून काढतील एवढे तरुण देशात नाहीत. क्योतोच्या फुशिमी भागात गोल्फसाठी राखून पुढे सोडून दिलेल्या जमिनीवर २०१७ पासून २३ मेगावॅटचा सौर प्रकल्प चालतो. १९२९ सालच्या कासुमिगासेकी क्लबाने ऑलिंपिक स्पर्धेच्या दबावाखाली २०१७ मध्येच स्त्रियांना पूर्ण सभासदत्व दिले. दार उघडले, पण बाहेरून ढकलल्यावर.

या सगळ्यात बुडाले ते केवळ सट्टेबाज नव्हते. निवृत्तीनंतर चार मित्रांबरोबर खेळू म्हणून आयुष्याची शिल्लक ठेवलेले पगारदारही त्यात होते. त्यांना हवी होती संगत. त्यांच्या हाती पडला एक कागद, ज्याची किंमत पुढचा गिऱ्हाईक मिळेपर्यंतच. तारणाच्या बाबतीत हा धोका आम्हाला नोकरीच्या सुरुवातीलाच शिकवला जाई. क्लब टिकतो तो रोज येऊन बसणाऱ्या माणसांवर. जपानमधल्या क्लबांना पुढे जगायचे असेल, तर सभासदत्वाला भाव किती, हा प्रश्न सोडून उद्या सकाळी खेळायला कोण येणार, हे विचारावे लागेल. आणि जो येईल, तो बाई की बापा, म्हातारा की तरुण, हे न पाहता त्याला आत घ्यावे लागेल.