जर्बिलला छोटी जखम झाली तर: औषधापेक्षा वजनकाटा कामाचा

आजचा भाग छोटा आहे आणि विषयही छोटा, साधारण ७० ग्रॅमचा. आमच्याकडे दोन जर्बिल आहेत, सख्ख्या बहिणी, तीळ आणि गूळ. मागच्या महिन्यात काचेच्या टाकीचा कोपरा खणता खणता गूळचं पुढच्या पायाचं एक नख तुटलं. थेंबभर रक्त आलं. पण एवढ्याशा जिवाचं थेंबभर रक्तही आपल्याला घाबरवतं.

पहिलं काम रक्त थांबवायचं. स्वच्छ गॉजचा तुकडा घ्या आणि हलक्या हाताने चार-पाच मिनिटं दाबून धरा. मध्येमध्ये उचलून बघत बसायचं नाही. नखातूनच रक्त येत असेल तर टोकाला चिमूटभर कॉर्नफ्लॉवर लावलं तरी चालतं. मग केमिस्टकडे मिळतं ते ०.९ टक्क्यांचं नॉर्मल सलाइन घेऊन जखम धुवायची. बस्स.

आता काय लावायचं नाही ते सांगतो, कारण खरा घोळ इथेच होतो. आई फोनवर लगेच म्हणाली, "हळद लाव की रे!" हळद नको, डेटॉल नको, आपलं क्रीम तर नकोच. जर्बिल जखम चाटतो, म्हणजे बाहेर लावलेलं सगळं पोटात जातं. आणि उंदीरवर्गातल्या प्राण्यांना उलटी करता येत नाही, गेलं ते गेलं. घरात उरलेलं अँटिबायोटिक तर अजिबात देऊ नका. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं तोंडावाटे दिली तर हॅमस्टर, गिनीपिग, जर्बिल अशा प्राण्यांच्या आतड्यातले जिवाणू बिघडतात आणि त्यात प्राणी दगावू शकतो.

शेपटीची गोष्ट वेगळी. जर्बिलला शेपटीला धरून उचललं तर शेपटीची कातडी मोज्यासारखी निघून हातात येते. शत्रूच्या तावडीतून सुटायची ही त्यांची सोय आहे, पण ती कातडी परत येत नाही. आतला उघडा भाग वाळून गळतो किंवा डॉक्टर तो काढतात. त्यामुळे ही 'छोटी जखम' समजू नका, सरळ डॉक्टर गाठा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जखमी जर्बिलला 'आराम मिळावा' म्हणून वेगळ्या पिंजऱ्यात ठेवावंसं वाटतं. शक्यतो ठेवू नका. हे प्राणी एकमेकांना वासावरून ओळखतात. काही दिवस दूर राहिले की घरचा वास जातो, आणि परत एकत्र सोडल्यावर सख्ख्या बहिणीसुद्धा जीव जाईपर्यंत भांडू शकतात. म्हणजे नख बरं होणार आणि जोडी कायमची तुटणार! दुसरी जखम कुरतडत असेल तरच वेगळं करा, तेही त्याच टाकीत मध्ये बारीक जाळी लावून, आणि रोज दोघींच्या बाजू बदलून. तीळने काही त्रास दिला नाही, म्हणून आम्ही फक्त भुसा काढून किचन टिश्यूच्या पट्ट्या घातल्या आणि वाळूचं भांडं चार दिवस बाहेर ठेवलं. जखमेला कचरा चिकटू नये, एवढाच हेतू.

जर्बिल दुखणं लपवतो. कण्हणार नाही, कुरकुरणार नाही. म्हणून स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढा आणि रोज एका ठरावीक वेळी वाटीत बसवून वजन घ्या. मी अर्थातच स्प्रेडशीट केली (बायको अजून हसते). ७० ग्रॅमच्या प्राण्याचं ७ ग्रॅम वजन उतरलं म्हणजे १० टक्के गेले, त्यानंतर थांबायचं नाही. नाकाशी लाल डाग दिसला तर मात्र दचकू नका. तो बहुतेक वेळा पॉर्फिरिन नावाच्या रंगद्रव्याचा स्राव असतो, रक्त नव्हे. पण तो सारखा दिसत राहिला तर प्राण्याला ताण किंवा आजार असू शकतो.

सूज, पू, वास, पाय टेकत नाही, अर्धा दिवस खाल्लं नाही, यातलं एक जरी दिसलं तरी डॉक्टर. आपल्याकडे बरीच क्लिनिकं कुत्र्या-मांजरांचीच. मला दोन ठिकाणी "आम्ही उंदीर बघत नाही" असं ऐकवलं. म्हणून ससे, हॅमस्टर बघणारा डॉक्टर आजच, सगळं ठीक असतानाच, फोन करून शोधून ठेवा. आणि नेताना वजनाचे आकडे सोबत घ्या, डब्यात दुसरीलाही बसवा. वास एकच राहतो.

चला, भेटू पुढच्या भागात.