पूर्णाकाठचे खारे पाणी आणि चोपण होत जाणारी माती

सातपुड्याच्या दक्षिणेला पसरलेल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे 4,700 चौरस किलोमीटरचा असा प्रदेश आहे की, जेथे विहीर खोदली वा बोअर मारली तर पाणी लागते, परंतु ते बहुतेक ठिकाणी पिण्यास निरुपयोगी आणि पिकास अपायकारक असते. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, शेगाव, संग्रामपूर अशा तालुक्यांत विखुरलेल्या या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. पाणीटंचाईवर राज्यात सरसकट सुचवले जाणारे उपाय येथे अनेकदा उलटतात, ही गोष्ट नियोजनाच्या पातळीवर अजूनही पुरेशी रुजलेली नाही.

या खारेपणाचे मूळ भूगर्भात आहे. गाविलगडच्या डोंगररांगेलगत जमिनीला मोठा भ्रंश, म्हणजे खडकांचे थर वरखाली सरकवणारी भेग, आहे. तिच्या दक्षिणेचा भाग खचला आणि त्या खोलगटात नद्यांनी आणलेल्या गाळाचे शेकडो मीटर जाडीचे थर साचत गेले. या गाळात चिकणमातीचे प्रमाण फार असल्यामुळे भूजल अत्यंत मंद गतीने सरकते, दीर्घकाळ एकाच जागी राहून क्षार विरघळवून घेते, आणि पावसाच्या मानाने बाष्पीभवन अधिक असल्याने ते क्षार खोऱ्याबाहेर वाहून जात नाहीत. हे पाणी किती खारे असावे, याची साक्ष इतिहासात आहे. 1930 च्या कायदेभंगाच्या चळवळीत, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वऱ्हाडात मिठाचा सत्याग्रह झाला तो अकोला जिल्ह्यातील दहीहांडा येथे, तिथल्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ तयार करून.

मातीचे नुकसान मात्र क्षारांच्या एकूण प्रमाणापेक्षा त्यांतील सोडियममुळे अधिक होते. काळ्या मातीच्या सूक्ष्म कणांना कॅल्शियम चिकटलेले असेल तर ते कण एकमेकांना धरून राहतात आणि त्यांच्यामधल्या पोकळ्यांतून पाणी व हवा खेळते. कॅल्शियमची जागा सोडियमने घेतली की कण फुगतात, सुटे होतात आणि पोकळ्या बुजतात. कोरड्या हवामानात मातीतील कॅल्शियमचा चुनखडीच्या रूपाने साका होतो, त्यामुळे उरलेल्या ओलाव्यात सोडियमचा वाटा आपोआप वाढतो, हे नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतील संशोधकांनी पूर्णा खोऱ्यातील मातीच्या अभ्यासातून दाखवून दिले आहे. त्यात बोअरच्या खाऱ्या पाण्याचे ओलीत सुरू झाले की ही प्रक्रिया वेग घेते. विशेष घातक बाब अशी की, हा बिघाड ओलिताच्या हंगामात फारसा जाणवत नाही, कारण पाण्यातील क्षारच कणांना काही काळ एकत्र ठेवतात. पुढच्या पावसाळ्यात पावसाचे गोडे पाणी ते क्षार धुऊन नेते, तेव्हा जमीन चोपण, म्हणजे सोडियममुळे पाणी न मुरणारी, झाल्याचे ध्यानात येते. पाणी वर तुंबते आणि खाली मुळे कोरडी राहतात. केवळ क्षारयुक्त जमीन चांगल्या पाण्याने धुऊन सुधारता येते. चोपण जमिनीला मात्र जिप्समच्या रूपाने कॅल्शियम द्यावे लागते आणि सुटलेले सोडियम वाहून जाण्यासाठी चरांची सोय करावी लागते. त्यातील दुसरे काम एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले नाही, कारण त्याच्या चराचे पाणी शेजाऱ्याच्या धुऱ्यावर अडते.

पिण्याच्या पाण्याची कथा याहून क्लेशकारक आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले घन पदार्थ लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2,000 ही कमाल मर्यादा आहे. येथील खारे पाणी प्यावे लागणाऱ्या गावांतून मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी येत राहतात, आणि त्यांची गावनिहाय, दीर्घकालीन वैद्यकीय नोंद ठेवली जाणे ही शासनाची जबाबदारी आहे. शुद्धीकरण यंत्रे बसवली गेली, तरी त्यांतून बाहेर टाकले जाणारे पाणी मूळ पाण्याहून अधिक खारे असते आणि ते त्याच मातीत मुरते. म्हणूनच धरणावरून येणाऱ्या नळयोजना येथे जीवनावश्यक ठरतात. वान धरणातून बाळापूर तालुक्यातील 69 गावांना पाणी देणाऱ्या योजनेवर स्थगिती आली, तेव्हा आमदार नितीन देशमुख यांनी एप्रिल 2023 मध्ये खारे पाणी सोबत घेऊन अकोल्याहून नागपूरच्या दिशेने पदयात्रा काढली. धरणाच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांची सिंचनाची काळजी रास्त असली, तरी पिण्याच्या पाण्याचा हक्क त्याआधी येतो, याविषयी संदिग्धता असू नये.

शेतीसाठी येथे विश्वासाचे पाणी एकच, ते पावसाचे. खरिपात मूग घेऊन त्याच शेतात साठलेल्या ओलीवर हरभरा पेरण्याची रीत याच जाणिवेतून आली आहे. 2018 पासून जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, अर्थात पोकरात, अवर्षणप्रवण गावांसोबत खारपाणपट्ट्यातील 932 गावांचाही समावेश करण्यात आला. शेततळे हे साधन या मातीला विशेष जुळते, कारण ज्या चिकणपणामुळे पाणी मुरत नाही, त्याच चिकणपणामुळे तळ्यातले पाणी टिकते, आणि हरभऱ्याला घाटे धरताना दिलेले एक संरक्षित पाणीही उत्पादनात मोठा फरक करते. पूर्णेवर नेरधामणा आणि घुंगशी येथे बांधलेल्या बॅरेजमुळे आता नदीचे पाणीही अडवले जात आहे. हे पाणी भूजलापेक्षा पुष्कळ गोडे असले, तरी निचऱ्याविना भरपूर ओलीत झाल्यास भूजलपातळी वर येऊन खालचे क्षार मुळांपर्यंत पोहोचतात. पंजाब, हरियाणातील कालव्यांच्या प्रदेशात नेमके हेच घडले आहे. म्हणून या योजनांच्या अंदाजपत्रकात जलवाहिनी आणि पंपांसोबतच निचऱ्याच्या चरांची तरतूद पहिल्या दिवसापासून असली पाहिजे.