जुनं घ्या, पण पारखून घ्या
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या घाटाखालच्या एका गावातली, बचत गटाची सचिव. आज जुन्या वस्तूंविषयी बोलायचं आहे. जुना टीव्ही, जुना रेडिओ, जुना मोबाइल, म्हणजे ज्याला आपण सेकंडहँड म्हणतो तो. सोयाबीनचे, कापसाचे पैसे हातात आले की खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकरच्या दुकानांत अशा वस्तूंसाठी आपली पावलं वळतात. नवं परवडत नाही, आणि जुनं घेण्यात कमीपणाही काही नाही. पण पारखलं नाही तर काय होतं, ते आधी माझ्याच तोंडून ऐका.

आमच्या गटानं ठरवलं, हिशोबासाठी एक मोबाइल घ्यायचा. ठरावात लिहिलं, ३,५०० रुपयांपर्यंत. मी आणि अध्यक्षताई बाजारच्या दिवशी तालुक्याला गेलो. एका दुकानात छान चकचकीत फोन दाखवला. फोटो काढून पाहिला, गाणं लावून पाहिलं, पैसे दिले, घरी आलो. पावती मागितलीच नाही. पंधरा दिवसांनी फोन अडकायला लागला. पुतण्यानं तो पुसून, रिसेट करून दिला. आणि मग फोन सुरू होताना विचारायला लागला, आधीच्या मालकाचा ईमेल आणि पासवर्ड सांगा! तो मालक कोण, कुठला, आम्हाला काय ठाऊक? दुकानदार म्हणाला, "बाई, हा फोन माझ्याकडून नेला कशावरून?"

मासिक सभेत एक मावशी म्हणाल्या, "तुही चूक नाई वं माय, पण पैसा बायांचा हाय." खरंच होतं ते. दर आठवड्याला मजुरीतून बाजूला काढलेले पैसे होते ते. मी शिवणकामातून महिन्याला ७०० प्रमाणे पाच महिने भरून ते ३,५०० फेडले. पैसे फिटले, पण त्या पाच महिन्यांत सभेत बसताना मान खाली जायची. त्यानंतर आम्ही गटात बसून एक नियमावली केली. तीच आज तुम्हाला सांगते.

आधी कशासाठी, मग कोणतं

दुकानात जाण्याआधी घरी बसून ठरवा, ही वस्तू रोज काय काम करणार? सासूबाईंना कीर्तन, बातम्या ऐकायच्या असतील तर रेडिओ पुरतो. गोळीची वेळ लक्षात ठेवायची असेल तर बटणाचा साधा फोन पुरतो. कामापेक्षा मोठी वस्तू घेतली की पैसाही जास्त जातो आणि बिघाडही जास्त.

टीव्ही : डब्बा की पातळ?

आपल्याकडे अजून बऱ्याच घरांत जुना जाड डब्बा टीव्ही आहे. तो चालू असेल तर टाकून द्यायची घाई नको. पूर्वी छपरावरच्या अँटेनावर दूरदर्शन दिसायचं, ते प्रक्षेपण आता बहुतेक ठिकाणी बंद झालं. पण दूरदर्शनची फ्री डिश सेवा आहे. ती २००४ साली सुरू झाली. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घ्यायचा, महिन्याचं भाडं नाही. बॉक्समधून पिवळी, पांढरी आणि लाल अशी तीन टोकांची वायर निघते. डब्बा टीव्हीच्या मागे किंवा बाजूला याच रंगांची भोकं असतील तर तो टीव्ही अजून कामाचा आहे. पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवा. फ्री डिशचा बॉक्सही जुना घेत असाल तर विचारा, तो एमपेग-४ आहे का? जुन्या एमपेग-२ बॉक्सवर सगळे चॅनल दिसत नाहीत. आणि खासगी कंपनीचा जुना बॉक्स कुणी स्वस्तात देत असेल तर तो दुसऱ्याच्या नावावर असतो आणि त्याला दर महिन्याला रिचार्ज लागतो. स्वस्त बॉक्स महाग पडतो तो असा.

आता विजेचं. टीव्हीच्या मागच्या लेबलवर वॅट लिहिलेले असतात. २१ इंची डब्बा टीव्ही साधारण ८० वॅटचा आणि ३२ इंची एलईडी साधारण ४० वॅटचा धरू. रोज ५ तास टीव्ही चालला तर महिन्याला डब्बा १२ युनिट खातो, एलईडी ६ युनिट. वर्षाला फरक ७२ युनिटचा. युनिटला ८ रुपये धरले तर ५७६ रुपये. तुमच्या बिलावर दर काय आहे तो पाहून स्वतः गुणाकार करा. म्हणजे ४,००० रुपयांचा जुना एलईडी फक्त वीज वाचवण्यासाठी घेतला तर पैसे वसूल व्हायला जवळजवळ सात वर्षं लागतील. तेव्हा घरचा डब्बा चालू असेल तर चालू द्या. पण आज पैसे देऊन टीव्ही घ्यायचाच असेल तर डब्बा घेऊ नका, त्याचे भाग आता मिळत नाहीत.

जुना एलईडी घेताना दुकानात निदान अर्धा तास चालू ठेवा. पुष्कळ बिघाड टीव्ही तापल्यावरच दिसतात. आपोआप बंद होतो का, चित्रात आडव्या-उभ्या रेघा येतात का, पांढऱ्या चित्रात कुठे काळे डाग किंवा अंधारलेला कोपरा दिसतो का, हे पाहा. काचेला तडा असेल तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या. पडदा बदलायचा खर्च जवळजवळ टीव्हीइतकाच येतो. मागची प्रत्येक जागा वायर लावून तपासा, रिमोटचं प्रत्येक बटण दाबून पाहा.

आणि एक हात जोडून सांगणं. डब्बा टीव्ही घरी कुणीही उघडू नये. पिन काढली तरी त्याच्या आत बराच वेळ जोराचा करंट साठून राहतो. तो जीवघेणा असतो. लेकरांना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्याच्याजवळ बसू देऊ नका.

रेडिओ आणि भजनाचा डबा

माझ्या सासऱ्यांचा दोन बँडचा जुना रेडिओ अजून वाजतो. पण मी हे भाषण करते आहे ते त्यावर ऐकू येत नाही. कारण त्या रेडिओत मिडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह आहे, एफएम नाही. सामुदायिक रेडिओ एफएमवर असतो, आणि कमी ताकदीचा असल्यानं आसपासच्या काही किलोमीटरमध्येच लागतो. म्हणून जुना रेडिओ घेताना पट्टीवर एफएम लिहिलेलं आहे का ते पाहा, आणि दुकानातच केंद्र लावून पाहा. दूरचं आकाशवाणी केंद्र ऐकायचं असेल तर मिडियम वेव्हही हवा.

सेल टाकायची जागा उघडून पाहा. पांढरी-हिरवी बुरशी साचली असेल तर आत सेल गळलेला आहे. आपणही घरी रेडिओ पंधरा-वीस दिवस वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवावेत.

बटणाच्या बऱ्याच फोनमध्येही एफएम असतं. काहींना इअरफोनची वायर लावावी लागते, कारण ती वायरच अँटेनाचं काम करते. "रेडिओ लागत नाही, फोन खराब आहे" म्हणण्याआधी वायर लावून पाहा.

भजनी मंडळासाठी पेनड्राइव्हवर चालणारा जुना स्पीकर किंवा डीव्हीडी प्लेअर घेत असाल तर आपला पेनड्राइव्ह सोबत न्या. जुन्या यंत्रांना मोठे पेनड्राइव्ह पुष्कळदा वाचता येत नाहीत, ८ किंवा १६ जीबीचा बरा. गाणी एमपी-३ प्रकारात असावीत.

मोबाइल : इथेच जास्त सांभाळा

जुन्या मोबाइलमध्ये फसगत जास्त होते. म्हणून हे मुद्दे लिहून घ्या.

पहिला, चोरीचा तर नाही ना? फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. १५ आकडी आयएमईआय क्रमांक दिसेल. दोन सिमच्या फोनमध्ये दोन क्रमांक दिसतात. मग आपल्या फोनवरून एसएमएस करा. इंग्रजीत के, वाय, एम ही तीन अक्षरं, एक जागा सोडून तो १५ आकडी क्रमांक, आणि पाठवायचा १४४२२ वर. ही केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची सोय आहे. उत्तरात ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा ऑलरेडी इन यूज असं आलं तर फोन घेऊ नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा गुन्हा आहे. पोलीस दारात आले तर "मला स्वस्तात मिळाला" हे उत्तर पुरत नाही.

दुसरा, आधीच्या मालकाचं खातं निघालं आहे का? आमची चूक इथेच झाली. दुकानदाराला आपल्यासमोर फोन रिसेट करायला सांगा. फोन पुन्हा सुरू झाल्यावर जुना ईमेल न मागता थेट नवीन खातं मागितलं, तरच पैसे द्या. दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं मी थांबले असते तर पाच महिने वाचले असते.

तिसरा, फोर-जी आहे का? एका कंपनीचं नेटवर्क फोर-जीच्या खाली चालतच नाही. आपलं सिम सोबत नेऊन दुकानातच फोन लावून पाहा. नुसतं नेट चालून उपयोग नाही, बोलणं व्हायला हवं.

चौथा, फोनची आवृत्ती. सेटिंगमध्ये अँड्रॉइडचा आकडा लिहिलेला असतो. फार जुन्या आवृत्तीवर ॲप बंद पडत जातात. अँड्रॉइड ४.४ वर व्हॉट्सॲप जानेवारी २०२५ पासून बंद झालं. पैशाचे व्यवहार करायचे असतील तर १० च्या खालची आवृत्ती घेऊ नये, असा आमचा नियम आहे.

पाचवा, बॅटरी. फोन सपाट टेबलावर ठेवून पाहा. डुगडुगला, पाठ फुगलेली दिसली, तर बॅटरी फुगली आहे. अशी बॅटरी पेट घेऊ शकते. तिला टोचू नका, दाबू नका.

सहावा, पावती. दुकानाचं नाव, तारीख, किंमत, आयएमईआय क्रमांक आणि किती दिवसांत परत घेणार, हे लिहून सही घ्या. पावती द्यायला जो काचकूच करतो, त्याच्याकडून फोन घेऊ नका.

फोनकडून काम कसं घ्यायचं

फोन आला म्हणजे वही बंद, असं करू नका. गटाची मूळ नोंद रजिस्टरातच राहू द्या, कारण तिथे सगळ्यांच्या सह्या-अंगठे असतात. फोनचं काम मदतीचं. सभा संपली की त्या दिवसाच्या पानाचा फोटो काढा आणि गटाच्या व्हॉट्सॲपवर टाका. रजिस्टर भिजलं, हरवलं तरी हिशोब वीस जणींच्या हातात राहतो. आणि ज्या बाईला सभेला येता आलं नाही, तिलाही तिच्या नावापुढचा आकडा दिसतो.

घरासाठी गजर वापरा. बीपीची गोळी, कर्जाच्या हप्त्याची तारीख, बाळाच्या लसीचा दिवस. साध्या बटणाच्या फोनमध्येही रोज वाजणारा गजर लावता येतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचा हिशोब आणि सिलेंडरची तारीख लिहितो ना, ते चालूच ठेवा. लिहिता न येणाऱ्या मावशींना आवाज रेकॉर्ड करायला शिकवा. "अमकीला पाचशे दिले" एवढं बोलून ठेवलं तरी पुरे.

पिन नंबर मात्र फोनच्या यादीत कोणत्याही नावानं ठेवू नका. पैशाची फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा, उशीर करू नका.

आपलं जुनं देताना

आपला फोन विकतानाही तेवढीच काळजी घ्या. सिम आणि मेमरी कार्ड काढा, आपलं खातं काढा, मग रिसेट करा. आपले, लेकीबाळींचे फोटो परक्याच्या हाती जाऊ नयेत.

आणि जे खरंच मोडलं आहे ते उकिरड्यावर टाकू नका, तांब्यासाठी वायरी जाळू नका. त्या धुरात विष असतं. डब्बा टीव्हीच्या काचेत शिसं असतं. ई-कचऱ्यासाठी सरकारचे नियम १ एप्रिल २०२३ पासून नव्यानं लागू झाले आहेत. ग्रामसंघाच्या बैठकीत विषय घ्या. गावातला असा कचरा एका पोत्यात जमा करून नोंदणी असलेल्या घेणाऱ्याला देता येतो का, ते ग्रामपंचायतीत विचारा.

शेवटी पैशाचं. टीव्हीसाठी गटातून कर्ज घेणाऱ्या बाईला नाही म्हणू नका. दिवसभर शेतात राबून आलेल्या बाईला संध्याकाळी अर्धा तास हसायला काही हवं असेल तर ती चैन नाही. पण वस्तू जितके दिवस टिकेल त्याच्या आत कर्ज फिटलं पाहिजे. जुनी वस्तू असेल तर सहा महिन्यांच्या वर हप्ते नकोत. वस्तू भंगारात आणि हप्ता दारात, अशी वेळ येऊ नये.

परवा आमच्या गटानं दुसरा फोन घेतला. यावेळी त्या मावशी स्वतः सोबत आल्या. दुकानात पिशवी मांडीवर घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "पहिले रिसेट करून दाखव बाप्पा, मंग पैशाचं बोलू." दुकानदारानं करून दाखवला, पावतीही दिली. मावशींना लिहिता येत नाही, पण पावतीवरचे पंधरा आकडे त्यांनी बोट ठेवून माझ्याकडून मोजून घेतले.

तुम्हीही मोजून घ्या.