एकलहऱ्याची राख आणि शाळेचे वीजबिल

शाळांनी वीज वाचवावी, कार्बनचे उत्सर्जन कमी करावे, असा उपदेश अलीकडे सर्रास ऐकू येतो. उपदेश चांगलाच आहे. पण ज्या शाळेत दिवाच लागत नाही तिने काय वाचवायचे, हा प्रश्न उपदेशकांना क्वचितच पडतो. नाशिक जिल्ह्यात तो टाळता येत नाही.

नाशिकरोडजवळ एकलहरे येथे औष्णिक वीज केंद्र आहे. १९७०-७१ च्या सुमारास सुरू झालेले पहिले दोन संच कधीच बंद पडले. १९७९ ते १९८१ या काळात उभे राहिलेले प्रत्येकी २१० मेगावॅटचे तीन संच मागे उरले. दगडी कोळशावर एक युनिट वीज निर्माण करायची तर ढोबळमानाने पाऊण किलो कोळसा जळतो आणि किलोभर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पाणी, वारा, सूर्य यांची वीज मिसळून देशाची सरासरी काढली तर हा आकडा युनिटमागे सुमारे ०.७ किलो येतो. आपल्या कोळशात राख फार. वीज तारांवरून दूर निघून जाते, राख मात्र पंचक्रोशीतच साठते. तेव्हा शाळेतला पंखा विनाकारण फिरतो त्याची किंमत कोणीतरी, कोठेतरी मोजतच असतो.

आता शाळेचा हिशेब पाहू. दहा वर्गखोल्यांची एक शाळा कल्पा. प्रत्येक खोलीत दोन जुन्या नळ्या आणि चार जुने पंखे. चोकसकट नळी ५० वॅटच्या थोडी वर खाते, पंखा ७५ वॅट. त्याऐवजी २० वॅटच्या एलईडी नळ्या आणि ३० वॅटचे नवे बीएलडीसी पंखे लावले, तर एका खोलीमागे सुमारे २४० वॅट वाचतात. रोज सहा तास, वर्षाचे २२० दिवस धरले तर दहा खोल्यांचे तीन हजारांवर युनिट होतात. म्हणजे दोन टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड. यात कोणाच्याही डोक्यावरचा वारा कमी झाला नाही की फळ्यावरचा उजेड. पत्र्याच्या नाहीतर स्लॅबच्या छताला पांढरा चुना दिला, समोरासमोरच्या खिडक्या खरोखरच उघडतील अशा ठेवल्या, तर पंख्याची गरजही थोडी घटते. अडगळीच्या कपाटांनी खिडक्या बुजवायच्या आणि मग दिवसाढवळ्या दिवे लावायचे, ही आपल्या शाळांची जुनी खोड आहे.

एकट्या शाळेला हे जड जाते. शाळांचा समूह असला, मग तो एखाद्या शिक्षणसंस्थेचा असो, महापालिकेचा असो वा जिल्हा परिषदेचा, की खरेदी एकत्र होते, एक तंत्रज्ञ दहा शाळा सांभाळतो आणि मुख्य म्हणजे तुलना करता येते. विद्यार्थ्यामागे किती युनिट, हे शाळावार एका कागदावर मांडले की कोठे गळती आहे ते दिसू लागते. बिलातला स्थिर आकार शाळा मे महिन्यात बंद असली तरी भरावाच लागतो, आणि मोठ्या जोडणीत तो मंजूर भारानुसार वाढतो. गरजेपेक्षा जास्त भार मंजूर करून घेतलेल्या शाळा वर्षानुवर्षे न वापरलेल्या विजेचे पैसे भरत राहतात.

पण याच कागदावर एक फसवणूकही दडलेली असते. समूहाने ठरवले की प्रत्येक शाळेने २० टक्के कपात करावी. ऐकायला समान न्याय! प्रत्यक्षात वातानुकूलित कार्यालय, संगणक कक्ष आणि सभागृह असलेली शहरातली शाळा ते सहज साधते. आणि दोन नळ्या, दोन पंखे असलेल्या वस्तीशाळेला एक पंखा बंद करावा लागतो. समग्र शिक्षेच्या निकषांप्रमाणे संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये मिळतात. त्यातच खडू, त्यातच दुरुस्ती, त्यातच वीजबिल. बिल थकले की जोडणी तुटते. जोडणी तुटलेल्या शाळेचे विजेचे उत्सर्जन शून्य होते, आणि तक्त्यात ती सर्वांत आदर्श शाळा ठरते! ज्यांच्या वाट्याला पूर्वीपासूनच कमी आले, त्यांच्या जुन्या वापरालाच प्रमाण मानणे म्हणजे वंचिततेवर शिक्कामोर्तब करणे होय. म्हणून मोजणीचा आधार गरज हाच असला पाहिजे. खोलीत किती उजेड, किती वारा, किती तास, हे आधी ठरवावे. कपात संपूर्ण समूहाची धरावी. आणि मोठ्या शाळांत वाचलेला पैसा सामाईक खात्यात टाकून लहान शाळांची जोडणी आणि दिवे त्यातून व्हावेत.

आश्रमशाळांकडे पाहिले की हे अधिक उघड होते. राज्यातल्या सुमारे ५०० शासकीय आश्रमशाळांचा कारभार पाहणारे आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकलाच आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, कळवण या भागांतली मुले तेथे शिकतात आणि राहतातही. म्हणजे चोवीस तासांची वीज आली: पाण्याचा पंप, रात्री शौचालयाच्या वाटेवरचा दिवा, थंडीत आंघोळीचे गरम पाणी. या दिव्यावर काटकसर करता येणार नाही. मुलीला अंधारात जावे लागते तिथे युनिटांची भाषा करू नये.

चुलीचा प्रश्नही असाच चमत्कारिक आहे. जळाऊ लाकडाचा कार्बन बहुतेक हिशेबांत शून्य धरतात, कारण झाड पुन्हा वाढते असे गृहीत असते. गॅस आणला की आकडा वाढतो. चुलीपुढे बसणाऱ्या स्वयंपाकीणबाईच्या छातीत गेलेला धूर कोणत्याच रकान्यात नसतो. माझ्या मते अशा ठिकाणी आकडा वाढू द्यावा आणि गॅस आणावा.

राहिले सौर पॅनेल. एक किलोवॅटला सावली नसलेले सुमारे दहा चौरस मीटर छत लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. पश्चिमेच्या तालुक्यांत पावसाळ्यात ही सरासरी बरीच घसरते, हे मागणी करतानाच लक्षात घ्यावे. बसवणे सोपे, टिकवणे अवघड. जड पाण्याने सौर बंबाच्या नळ्यांत क्षार साचतात, पॅनेलवर धूळ बसते, आणि उद्घाटनाची पाटीच काय ती चकचकीत राहते. म्हणून खरेदीच्या करारातच पाच वर्षांची देखभाल लिहून घ्यावी. नेट मीटर असेल तर एप्रिल-मेच्या सुटीतली जादा वीज खात्यावर जमा होते आणि जूनपासूनच्या बिलांत वळती होते. वर्षाचा हिशेब ३१ मार्चला मिटतो. सुटीतले ते जमा युनिट जूनच्या बिलात आले की नाही, हे शिक्षकांनी स्वतः मीटरची नोंद ठेवून ताडून पाहावे. त्यासाठी वही एकच पुरे, आणि ती सातवीची मुलेही लिहू शकतात.