४८ जोड

अकोले तालुक्यातल्या एका रस्त्याकडेला, भर पावसात, ताडपत्रीखाली दोघं जण केबल जोडत बसले होते. सकाळी पाण्याच्या पाइपसाठी चर खणताना भारतनेटची केबल जेसीबीच्या दातात आली होती. तूट डोळ्यांसमोर होती, तरी थोरल्याने ओटीडीआर लावलंच. हे यंत्र केबलमधल्या काचेच्या तारेत, म्हणजे फायबरमध्ये, प्रकाश सोडतं आणि परत येणाऱ्या उजेडावरून तूट किती लांब आहे ते सांगतं. "ओढ बसली की केबल आतून कुठंही तुटते," तो म्हणाला. चाळीसेक मीटर मागे दुसरी तूट निघाली. आता मधे नवा तुकडा घालायचा, म्हणजे २४ फायबरचे दोन्हीकडे मिळून ४८ जोड.

निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी... रंगाला रंग लावत त्याने पहिली तार घेतली. वरचा थर सोलला, स्पिरिटने पुसलं. उरली १२५ मायक्रॉनची काच, जेमतेम केसाएवढी. प्रकाश वाहतो तो तिच्या पोटातल्या ९ मायक्रॉनमधून. क्लीव्हरने टोक सरळ कापलं. मी वाकून बघायला गेलो, तर धाकटा म्हणाला, "दादा, हात नका लावू. तुकडा कातडीत गेला तर दिसतसुद्धा नाही." प्रत्येक तुकडा तो बाटलीत टाकत होता. जोड करणाऱ्या मशीनच्या पडद्यावर दोन टोकं समोरासमोर आली, ठिणगी पडली, काच वितळून एक झाली. जोडात वाया जाणाऱ्या प्रकाशाचा आकडा उमटला : ०.०२ डीबी. एकदा ०.३ आला. थोरल्याने तो जोड मुकाट्याने तोडला आणि पुन्हा सोलायला घेतलं. त्या क्षणी मला या माणसाबद्दल फार आदर वाटला.

देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडण्याची ही भारतनेट योजना केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. डोंगराआडच्या काही पंचायतींना उपग्रहाची जोडणी दिली. पण मोबाइलच्या टॉवरलाही भरवशाचा वेग हवा तर खालून बहुतेकदा फायबरच लागते. पहिल्या टप्प्यांत तालुक्यापासून केबल एकामागून एक गावाला सरळ ओढत नेली. एका जागी तुटली की पुढची सगळी गावं अंधारात, आणि त्या दिवशी तेच झालं होतं. दाखल्यासाठी आलेली माणसं पंचायतीच्या पायरीवर ताटकळत होती. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १.३९ लाख कोटींच्या सुधारित कार्यक्रमात ही रचना वर्तुळाकार करायचं ठरलं. एक बाजू तुटली तरी दुसरीकडून प्रकाश पोचतो. हे आधीच व्हायला हवं होतं. आपण केबलचे किलोमीटर मोजत राहिलो, ती जोडणारे हात मोजले नाहीत.

शेवटचा जोड झाला तेव्हा साडेसात वाजले होते. फोन आला, "लाइट आली."

खोदण्याआधी कळवण्यासाठी सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आणलं आहे. तुमच्या गावात चर पडणार असेल तर ठेकेदाराला एवढंच विचारा : कळवलंय का?