घरच्या घरी दोन बाजूंचा सर्किट बोर्ड



हल्ली आपली पोरं आयटीआय, डिप्लोमाला शिकतात. टाकी भरली की शिट्टी देणारे, जमिनीतील ओल दाखवणारे छोटे कार्ड ती घरीच जुळवू शकतात. अडते ते बोर्डापाशी. म्हणून तो कसा करावा, हे आम्ही येथे देत आहोत.

दोन बाजू कशासाठी? एका पाटाला दुसरा पाट आडवा आला, तर एकाचे पाणी पाइपातून खालून काढावे लागते. तांब्याच्या रेघांचेही तसेच. वर वाट अडली की रेघ खालच्या बाजूने न्यायची.

आकृती लेझर प्रिंटरवरच, गुळगुळीत कागदावर, मूळ मापात छापावी. इंकजेटची शाई चालत नाही. लेझरचा टोनर म्हणजे प्लॅस्टिकची भुकटी. ती उष्णतेने वितळून तांब्याला चिकटते. चिकटताना आकृती उलटते. म्हणून कॉम्प्युटरवर दोन्ही बाजू वरूनच पाहून काढल्या असतील, तर वरची बाजू आरशात दिसते तशी उलटी छापावी, खालची आहे तशी.

खरी मेख पुढेच आहे. दोन्ही बाजूंची भोके समोरासमोर आली नाहीत, तर सगळी मेहनत वाया! दोन्ही कागद छापील बाजू आत करून उजेडासमोर धरा, भोके जुळवा आणि तीन कडा चिकटवून पाकीट करा. बोर्ड बारीक पॉलिश पेपरने घासून, धुऊन, कोरडा करून पाकिटात सरकवा. वाफ न सोडता गरम इस्त्री दोन्ही बाजूंनी चार-पाच मिनिटे दाबून फिरवा. थंड झाल्यावर पाण्यात भिजवून कागद अलगद चोळून काढा. तुटलेली रेघ मार्करने जोडा.

मग प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बोर्ड हलवत ठेवा. उघडे तांबे विरघळते, टोनरखालचे राहते. टोनर थिनरने पुसा आणि भोके पाडा. कंपनीच्या बोर्डात भोकाच्या आतून तांबे चढवलेले असते. घरी ते होत नाही. म्हणून भोकातून बारीक तार घालून ती दोन्ही बाजूंनी सोल्डर करावी.

दोन गोष्टी मात्र बजावून सांगतो. मोटारीची थ्री-फेज लाइन या बोर्डावर कधीही आणू नये. 12 व्होल्टपर्यंतचेच काम त्यावर करावे, स्टार्टरची जोडणी वायरमनकडूनच घ्यावी.

दुसरे, वापरलेले द्रावण विहिरीत, ओढ्यात वा पाटात ओतू नये. मोरचूद मासे मारतो हे आपणास ठाऊक आहे. त्यातले तांबेच या द्रावणातही उतरलेले असते. ते झाकणाच्या प्लॅस्टिक कॅनमध्ये, पोरांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे. ते पुन्हापुन्हा वापरता येते. निकामी झाले की रासायनिक कचरा घेणाऱ्यांकडेच द्यावे. हातात रबरी मोजे आणि खिडकी उघडी, हे विसरू नये.

पहिला बोर्ड बिघडला तरी पोरांना रागावू नका. हात बसायला दोन-तीन बोर्ड जातातच.