विंचवाचे विष आणि घोड्याचे प्रतिपिंड

महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरला की पोलादपूर लागते आणि पुढे महाड. या पट्ट्यातल्या दगडांच्या फटींत, भाताच्या पेंढ्यात, लाकूडफाट्याच्या ढिगात लाल विंचू राहतो. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा या विंचवाच्या दंशाने अत्यवस्थ झालेल्या 100 पैकी 25 ते 30 रुग्ण दगावत. हमखास औषध नव्हतेच.

बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून आधी लक्षणे टिपली. उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, आणि मग फुप्फुसात साचणारे पाणी. विषामुळे शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोट सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयाला भार पेलवत नाही. त्यावर रक्तदाबाची प्राझोसिन ही स्वस्त गोळी चालते, हे त्यांनी दाखवून दिले. 1986 मध्ये हा अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले.

पण प्राझोसिन विषाचे परिणाम आवरते. रक्तातल्या विषाला ते हात लावत नाही. ते काम प्रतिपिंडाचे, म्हणजे अँटिबॉडीचे.

हे प्रतिपिंड घोड्याच्या रक्तात तयार होतात. घोड्याला विषाचे अगदी थोडे डोस टप्प्याटप्प्याने वाढवत टोचतात. त्याचे शरीर त्या विषाला नेमके ओळखणारी प्रथिने बनवू लागते. मग रक्तातला प्लाझ्मा वेगळा काढून ही प्रथिने शुद्ध करतात. प्रतिपिंडाचा रेणू इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा असतो. त्याचा खालचा दांडा पेप्सिनने कापून टाकतात आणि विषाला पकडणारी दोन टोके ठेवतात, कारण दांड्यामुळे माणसाला त्रास होण्याची शक्यता वाढते. विंचवाच्या विषावरचे असे औषध, म्हणजे प्रतिविष, परळच्या हाफकिन संस्थेत तयार झाले.

प्रतिपिंडाची हीच ओळखण्याची शक्ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेतही कामी येते. माणसाच्या प्लाझ्मात अँटिथ्रॉम्बिन नावाचे प्रथिन असते. रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनला ते वेळीच रोखते. ते कमी पडले तर नको तिथे गुठळ्या होतात. ते मोजायचे तर ससा किंवा मेंढी अशा प्राण्यात त्याविरुद्ध प्रतिपिंड बनवायचे, प्लास्टिकच्या ताटलीतल्या खळग्यांत बसवायचे आणि रुग्णाचा प्लाझ्मा ओतायचा. अँटिथ्रॉम्बिन तिथे अडकते. रंग सोडणारे दुसरे प्रतिपिंड त्याला चिकटवले की रंगाच्या गडदपणावरून प्रमाण कळते. एक मर्यादा मात्र मोठी आहे. प्रतिपिंड प्रथिन ओळखतो, ते काम करते की नाही हे सांगत नाही. काही घराण्यांत अँटिथ्रॉम्बिन पुरेसे असूनही निकामी असते. म्हणून त्याचे कार्य तपासणारी चाचणी आधी करावी लागते.

विंचवाच्या बाबतीतही खरा प्रश्न तोच होता. प्रयोगशाळेत विषाला पकडणारे प्रतिपिंड रुग्णाला खरोखर वाचवतात का? याचे उत्तर महाडच्या दवाखान्यातून आले. डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी 70 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या यादृच्छिक पद्धतीने दोन गट केले. एका गटाला फक्त प्राझोसिन, दुसऱ्याला जोडीला प्रतिविष. 10 तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात 35 पैकी 8 होते, दुसऱ्या गटात 32. निष्कर्ष 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापले. कोणाला काय दिले हे सर्वांना ठाऊक होते, ही त्या अभ्यासाची उणीव. तरीही तालुक्याच्या गावातल्या छोट्या रुग्णालयात इतक्या शिस्तीने झालेले हे काम वैद्यकशास्त्राला मोलाचे वाटते, यात नवल नाही. 2022 मध्ये डॉ. हिंमतरावांना पद्मश्री मिळाली.

प्रतिपिंड रक्तात मोकळे फिरणारे विष पकडतात. विष एकदा पेशींना भिडले की प्रतिपिंडांचा उपयोग कमी होतो. म्हणून विंचू चावल्यावर उतारा, मंत्र, झाडपाला यांत वेळ घालवू नका. घाम फुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर त्याच क्षणी जवळचे ग्रामीण रुग्णालय गाठा.